विश्लेषण : शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळ्या ‘आपल्याकडे’ खरेच कमी होतात? गुठळीचा प्रवास शोधणाऱ्या रुडॉल्फ विर्शो यांचे आयुष्य काय सांगते?

लासलगाव : कांद्याच्या चाळीत पाय घसरतो आणि आजींच्या खुब्याचे हाड मोडते. नाशिकला शस्त्रक्रिया होते, आठवड्याभरात आजी घरी येतात. मग घरात एकच नियम लागू होतो, त्यांनी पलंगावरून उतरायचे नाही. पाणी, जेवण सगळे जागेवर. दहा-बारा दिवसांनी एका पायाची पोटरी सुजते. ऑपरेशन झालेलाच पाय आहे, सूज येणारच, असे समजून कुणी तरी तेल कोमट करून पाय चोळायला बसते. निफाड तालुक्यातल्या कोणत्याही गावात सहज घडेल असा हा प्रसंग आहे.

त्या पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. तरीही हा आजार गोऱ्या लोकांचा, आशियाई लोकांत तो क्वचितच होतो, अशी समजूत अनेक वर्षे डॉक्टरांमध्येही होती. ‘आशियातील सर्वांत मोठी’ हे शब्द लासलगावकरांना कांदा बाजारपेठेच्या संदर्भात ऐकायची सवय आहे. गुठळीच्या बाबतीत मात्र आशिया हा शब्द दिलासा म्हणून वापरला गेला. तो दिलासा कितपत खरा, हे तपासायचे तर सुरुवात रुडॉल्फ विर्शो या जर्मन डॉक्टरांपासून करावी लागते. पायातली गुठळी फुप्फुसात पोहोचते हे त्यांनी दाखवून दिले. वंशाबद्दलच्या समजुती मोजमापाने तपासण्याचा मोठा प्रयोगही त्यांनीच केला. आणि म्हातारपणी मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळण्याची वेळ त्यांच्यावरही आली.

विर्शो कोण होते?

विर्शो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातील पोमेरेनिया प्रांतात, शिफेलबाइन या छोट्या गावात झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील शेती करत आणि नगराच्या खजिन्याचा हिशेबही पाहत. घरची स्थिती बेताची होती. वैद्यकीय शिक्षण परवडले ते सैन्यासाठी डॉक्टर घडवणाऱ्या बर्लिनच्या संस्थेत १८३९ मध्ये प्रवेश मिळाला म्हणून. तिथे शिक्षण मोफत होते, त्या बदल्यात पुढे सैन्यात नोकरी करायची अट होती. १८४३ मध्ये ते डॉक्टर झाले आणि बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात शवविच्छेदनाच्या कामावर लागले.

जिवंत रुग्णांपेक्षा मृतदेहांशी जास्त संबंध येणारे हे काम तेव्हा फारसे मानाचे नव्हते. विर्शो यांच्यासाठी मात्र तीच शाळा ठरली. १८४५ मध्ये त्यांनी रक्तातील पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. या आजाराला ल्युकेमिया हे नाव पुढे त्यांनीच दिले.

गुठळीचा प्रवास त्यांनी कसा शोधला?

त्या काळी वैद्यकशास्त्रावर पॅरिसच्या झाँ क्रूव्हेलिए यांचा प्रभाव होता. शिरेला सूज येते, त्यामुळे रक्त गोठते आणि बहुतेक आजारांच्या मुळाशी हीच सूज असते, असे त्यांचे मत होते. विर्शो यांना त्यांच्या वरिष्ठांनी नेमका हाच विषय तपासायला दिला.

शवविच्छेदनात त्यांना एक गोष्ट खटकली. फुप्फुसाच्या धमनीत मोठी गुठळी आहे, पण तिच्याभोवतीची भिंत मात्र निरोगी आहे, असे दिसायचे. सूज नाही, तर मग गुठळी तिथे आली कुठून? त्याच मृतदेहाच्या पायाच्या शिरा उघडल्या की तिथेही गुठळी सापडायची, आणि कधी कधी तिचे टोक तुटलेले असायचे. म्हणजे गुठळी पायात तयार झाली, तिचा तुकडा सुटला आणि रक्तासोबत वाहत फुप्फुसात जाऊन अडकला.

द्राक्ष किंवा कांद्याला ठिबक करणाऱ्या शेतकऱ्याला हे समजायला वेळ लागणार नाही. नळीत जिथे पाण्याचा वेग मंदावतो तिथे गाळ बसतो. तो सुटला की पाण्यासोबत पुढे जातो आणि जिथे छिद्र बारीक होते तिथे अडकतो. शरीरात पायाच्या शिरेतले रक्त वर वर मोठ्या होत जाणाऱ्या शिरांतून हृदयाच्या उजव्या बाजूला जाते, तिथून फुप्फुसात. वाटेत अरुंद जागा नसते. पहिली बारीक जाळी लागते ती फुप्फुसाचीच.

नुसत्या निरीक्षणावर विर्शो थांबले नाहीत. त्यांनी कुत्र्यांच्या शिरांमध्ये रबराचे आणि मांसाचे तुकडे सोडले आणि नंतर फुप्फुसे उघडून पाहिली. तुकडे तिथे सापडले. १८४६ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडायला सुरुवात केली तेव्हा त्यांचे वय पंचवीसही पूर्ण नव्हते. जागेवर रक्त गोठणे म्हणजे थ्रॉम्बोसिस आणि सुटलेला तुकडा दुसरीकडे जाऊन अडकणे म्हणजे एम्बोलिझम, हे आज प्रत्येक डॉक्टरच्या तोंडी असलेले शब्द त्यांनीच रूढ केले. जुन्या पिढीची नियतकालिके आपले लेखन छापत नाहीत म्हटल्यावर १८४७ मध्ये त्यांनी मित्र बेनो राइनहार्ट यांच्यासोबत स्वतःचे नियतकालिक काढले. ते आजही त्यांच्या नावाने निघते.

वैद्यकीय महाविद्यालयात शिकवली जाणारी ‘विर्शोची त्रयी’ही इथलीच. रक्ताचा वेग मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही गुठळीची तीन कारणे. गंमत म्हणजे विर्शो यांनी स्वतः ती अशी सुटसुटीत यादी म्हणून कधी मांडली नव्हती. त्रयीला त्यांचे नाव चिकटले ते त्यांच्या मृत्यूनंतर काही दशकांनी.

खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही कारणे एकाच वेळी हजर असतात. रुग्ण पडून असतो म्हणून रक्त संथ होते, हाडाजवळच्या शिरा ताणल्या जातात, आणि जखम झाली की शरीर रक्तस्राव थांबवण्यासाठी रक्त जास्त गोठवू लागते. चालताना पोटरीचे स्नायू पंपासारखे दाबले जाऊन रक्त वर ढकलतात. पलंगावर पडून राहिले की हा पंपच बंद पडतो.

प्रयोगशाळेतून ते राजकारणात कसे गेले?

१८४८ च्या फेब्रुवारीत प्रशिया सरकारने विर्शो यांना अप्पर सिलेसिया भागात पाठवले. तिथे टायफसची साथ पसरली होती. लोक पोलिश बोलणारे, अतिशय गरीब आणि उपाशी होते. सुमारे तीन आठवडे ते तिथे फिरले. सरकारला औषधोपचाराचा अहवाल अपेक्षित असावा. विर्शो यांनी जे लिहिले ते वेगळेच होते. साथीचे कारण त्यांनी दारिद्र्य, अज्ञान आणि बेफिकीर कारभार हे सांगितले. उपाय म्हणून लोकशाही, लोकांच्या स्वतःच्या भाषेत शिक्षण, रस्ते, शेतीत सुधारणा आणि करांचा बोजा श्रीमंतांकडे वळवणे, अशी यादी दिली. याच वर्षी पुण्यात जोतिराव फुले भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू करत होते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण दोघांनी बोट ठेवले ते एकाच जागी.

बर्लिनला परतल्यावर काही दिवसांतच क्रांतीचा भडका उडाला आणि विर्शो रस्त्यावर उतरून मोर्चेबंदीत सामील झाले. आरोग्य सुधारणांसाठी एक साप्ताहिकही त्यांनी चालवले. क्रांती फसली, सरकारची खप्पामर्जी झाली आणि १८४९ मध्ये त्यांना शारिटे सोडावे लागले. राजकारण बाजूला ठेवण्याचे मान्य करून ते बव्हेरियातील वुर्त्सबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८५० मध्ये रोझ मायर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पुढे त्यांना सहा अपत्ये झाली.

१८५६ मध्ये बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलावले. त्याच वर्षी थ्रॉम्बोसिस आणि एम्बोलिझमवरचे त्यांचे काम ग्रंथरूपात आले. १८५८ मध्ये पेशी आणि आजार यांचा संबंध मांडणारे त्यांचे व्याख्यानांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. आजार हा अंगात शिरलेला दोष नसून पेशींमध्ये झालेला बिघाड असतो, हा त्याचा गाभा. आज गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवतात, त्यामागे हाच विचार आहे.

राजकारण मात्र सुटले नाही. १८५९ पासून ते बर्लिनच्या नगरपालिकेत होते, पुढे प्रशियाच्या विधिमंडळात गेले. तिथे बिस्मार्क यांच्याशी त्यांचा इतका वाद झाला की १८६५ मध्ये बिस्मार्कनी त्यांना द्वंद्वाचे आव्हान दिले. विर्शो यांनी ते नाकारले. विर्शो यांनी शस्त्र म्हणून दोन सॉसेज पुढे केले आणि त्यातले एक जंतूंनी भरलेले होते, असा किस्सा समाज माध्यमांवर फिरतो. त्याला विश्वासार्ह आधार नाही.

नगरसेवक म्हणून त्यांनी केलेले काम अधिक महत्त्वाचे. बर्लिनच्या रस्त्यांवरून तेव्हा उघडी गटारे वाहत. अभियंता जेम्स होब्रेख्त यांच्यासोबत त्यांनी भुयारी गटारांची योजना मार्गी लावली. सांडपाणी पंपाने शहराबाहेर नेऊन शेतजमिनीवर सोडले जाऊ लागले. शहराचे पहिले नगरपालिका रुग्णालय, मांसाची सक्तीची तपासणी यांसाठीही ते झगडले.

त्यांनी ६७ लाख मुले का मोजली?

इथे पुन्हा आशियाई रुग्णांचा मुद्दा जवळ येतो. १८७०-७१ च्या युद्धानंतर एका फ्रेंच अभ्यासकाने प्रशियन लोक खरे जर्मन नाहीतच, असा दावा केला. जर्मनीत त्याला उत्तर म्हणून सोनेरी केस, निळे डोळे आणि गोरी कातडी असलेल्या शुद्ध जर्मन वंशाच्या गप्पा जोरात होत्या. विर्शो यांनी दोन्हीकडच्या दाव्यांवर विश्वास ठेवण्याऐवजी मोजायचे ठरवले. शाळाशाळांत शिक्षकांकडून तक्ते भरून घेतले गेले. सुमारे ६७ लाख मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा आणि कातडीचा रंग नोंदवला गेला.

१८८६ मध्ये संपूर्ण अहवाल आला. तथाकथित शुद्ध वर्णनात बसणारी मुले एकतृतीयांशाहूनही कमी निघाली. सर्वाधिक मुले मिश्र रूपाची होती. ज्यू मुलांमध्येही सुमारे ११ टक्के मुले सोनेरी केसांची आणि निळ्या डोळ्यांची होती. शुद्ध वंशाची कल्पना आकडेवारीत टिकली नाही.

म्हणून विर्शो सगळीकडे बरोबर होते असे नाही. निअँडरथल मानवाची कवटी त्यांनी आजारी माणसाची ठरवली, ती चूक होती. बाळंतपणातला ताप डॉक्टरांच्या अस्वच्छ हातांमुळे पसरतो हे सेमेलवाइस यांचे म्हणणे त्यांनी दीर्घकाळ मानले नाही. या हट्टाची किंमत बाळंतिणींनी मोजली. वसाहतींमधून जमवलेल्या मानवी कवट्यांच्या त्यांच्या संग्रहावर आज तीव्र टीका होते.

मग आशियाई लोकांत गुठळ्या कमी होतात का?

कमी होतात या समजुतीला काही आधार होता. आशियातील रुग्णालयांत फुप्फुसातल्या गुठळीचे रुग्ण कमी नोंदले जात. युरोपीय वंशाच्या सुमारे ५ टक्के लोकांत आढळणारा, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवणारा ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’ हा जनुकीय बदल आशियात फार दुर्मीळ आहे. त्यामुळे आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतर गुठळीविरोधी औषध देण्याची गरज नाही, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

मग कुणी तरी मोजले. आशियातील सात देशांत खुबा आणि गुडघ्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या, प्रतिबंधक औषध न दिलेल्या रुग्णांच्या पायाच्या शिरांची रंगद्रव्य सोडून क्ष-किरण तपासणी केली गेली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४१ टक्के रुग्णांच्या पायात गुठळी सापडली. गुडघ्याच्या वरच्या मोठ्या शिरेतली, म्हणजे अधिक धोकादायक गुठळी सुमारे १० टक्क्यांत होती. पाश्चात्त्य देशांत औषध न दिलेल्या रुग्णांतही साधारण याच पातळीचे आकडे आढळले होते. मुंबईतील डॉक्टरांनी २००३ मध्ये पायाच्या मोठ्या शस्त्रक्रियांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही औषध न घेतलेल्या निम्म्याहून अधिक भारतीय रुग्णांत गुठळी दिसली होती.

त्याच २००५ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासाचा आकडा वाचला की माणूस गोंधळतो. त्यात आशियातील अशाच शस्त्रक्रियांचे २,४२० रुग्ण होते आणि लक्षणे दिसणारी गुठळी किंवा अचानक मृत्यू हे प्रमाण होते १.२ टक्के. एकीकडे ४१, दुसरीकडे १.२. यातला खोटा कोणताच नाही. पहिल्याने यंत्राने शोधलेली प्रत्येक गुठळी मोजली, दुसऱ्याने फक्त त्रास झालेले रुग्ण मोजले. पोटरीतल्या बहुतेक लहान गुठळ्या काही न बोलता तयार होतात आणि आपोआप विरघळतात. काही मात्र वाढतात आणि सुटतात. शिवाय १.२ टक्के हे प्रमाणही पाश्चात्त्य देशांपेक्षा फारसे वेगळे नाही, असे त्या अभ्यासकांचे म्हणणे होते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९९६ ते २००५ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा दर १० हजार दाखल रुग्णांमागे सुमारे १७ जणांत गुठळीचे निदान झालेले दिसले. हा आकडा सर्व प्रकारच्या रुग्णांचा आहे, त्यामुळे तो हाडांच्या शस्त्रक्रियांच्या आकड्याशेजारी ठेवून चालत नाही. समाज माध्यमांवर नेमकी हीच गल्लत होते.

औषधाचे काय? २००६-०७ मध्ये झालेल्या एका जागतिक पाहणीत भारतातील १० रुग्णालयांतले २,०५८ रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांना गुठळीचा धोका होता. मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिबंधक उपाय मिळाले ते धोक्यातल्या जेमतेम १७ टक्के रुग्णांना. तेव्हापासून मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत चित्र बदलले आहे. मात्र सरसकट सर्वांना औषध द्यावे असेही नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाने जखमेतून रक्तस्राव होऊ शकतो. वय, वजन, कर्करोग, आधी झालेली गुठळी, शस्त्रक्रियेचा प्रकार हे पाहून डॉक्टर ठरवतात. रुग्ण आशियाई आहे, एवढ्यावरून ठरवणे चूक.

४ जानेवारी १९०२ रोजी काय घडले?

ऑक्टोबर १९०१ मध्ये विर्शो यांचा ८० वा वाढदिवस बर्लिनने मशालींची मिरवणूक काढून साजरा केला. जगभरातून डॉक्टर आले होते. तीन महिनेही उलटले नव्हते. ४ जानेवारीला एका सभेला जाताना लाइपझिगर रस्त्यावर ते चालत्या विजेच्या ट्राममधून उतरले आणि पडले. मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले.

चालत्या एसटीतून उतरणारे आजोबा ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. पण तेव्हा अशा मोडीवर आजच्यासारखी शस्त्रक्रिया नव्हती. खुब्याच्या हाडात खिळा बसवण्याची पद्धत रुळायला अजून तीन दशके होती. गुठळी रोखणारे हेपॅरिन सापडले १९१६ मध्ये, आणि रुग्णांना मिळू लागले ते १९३० च्या दशकात. १९०२ मध्ये उपाय एकच होता, पडून राहणे. रक्त संथ झाले की काय होते हे जगाला सांगणारा माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणावर होता.

हाड हळूहळू सांधले. ते गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या टेप्लित्झ गावी विश्रांतीलाही गेले. पण आधीची ताकद परत आली नाही. ५ सप्टेंबर १९०२ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. मृत्यूचे कारण हृदय निकामी होणे असे नोंदले गेले, गुठळी असे नाही. वृद्ध माणसाचा खुबा मोडला की हाडापेक्षा पडून राहणेच जिवावर बेतते, हे मात्र आजचे डॉक्टरही सांगतात. म्हणूनच आता शक्य तितक्या लवकर, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करण्यावर भर असतो.

घरी आलेल्या रुग्णाने काय पाहावे?

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर गुठळीचा धोका रुग्णालयातून सुटी मिळताच संपत नाही. काही रुग्णांना प्रतिबंधक औषध ३५ दिवसांपर्यंत दिले जाते ते त्यामुळेच. सुटी आठव्या दिवशी मिळाली तर उरलेले जवळपास चार आठवडे घरातच जायचे असतात. पोटावर टोचायचे इंजेक्शन किंवा गोळी किती दिवस चालू ठेवायची, हे सुटीच्या कागदावर लिहून घ्यावे. बरे वाटते म्हणून ती मध्येच बंद करू नये. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तितके चालावे. पलंगावर असताना घोट्यापासून पाऊल वर-खाली हलवत राहावे, म्हणजे पोटरीचा पंप चालू राहतो. पाणी पुरेसे प्यावे. नाशिकला टाके काढायला किंवा तपासणीला जाताना सुमारे ६० किलोमीटर पाय लोंबकळत बसून राहण्यापेक्षा वाटेत थांबून पाय मोकळे करावेत.

एकच पाय जास्त सुजला, पोटरी दुखू लागली, कातडी गरम किंवा लालसर झाली तर पाय चोळू नये. चोळल्याने गुठळी सुटण्याची भीती असते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, सोनोग्राफीने शिरेतील गुठळी दिसते. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले किंवा रुग्ण बेशुद्ध पडला तर सकाळची वाट न पाहता १०८ वर फोन करावा. गाडीत बसवताना शस्त्रक्रियेचा कागद आणि चालू असलेल्या गोळ्या सोबत घ्याव्यात.